फाटकावरची मुलगी

माझी मावशी आयुष्यभर इतिहास शिकवत होती, पण राजे, तह आणि लढाया यांबद्दल तिला काही विचारायची सोय नव्हती. सनावळ्यांत तर ती माझ्याहून कच्ची. तिचा विषय होता मुलं. कधीकाळी संपावर गेलेली, मोर्चे काढलेली, शाळेच्या दाराला कुलूप ठोकलेली, कारखान्यासमोर बसकण मारलेली मुलं. ही मुलं आता सत्तर-ऐंशी वर्षांची झाली होती. मावशी त्यांना हुडकून काढायची आणि त्यांच्या समोर टेपरेकॉर्डर ठेवून बसायची.

"तुम्ही संप का केलात?" असं ती कधीच विचारायची नाही. असं विचारलं की माणूस भाषण करतो, ती म्हणायची. पेपरात वाचलेलं स्वतःचं म्हणून सांगतो. ती विचारायची, "त्या दिवशी तुमच्या पायांत काय होतं?"

समोरची आजी किंवा आजोबा आधी गोंधळायचे, मग आपल्याच पायांकडे बघायचे, आणि बघता बघता त्यांचा आवाज बदलायचा. कॉलेजच्या सुट्टीत त्या टेप ऐकून मी कागदावर उतरवून द्यायचे, म्हणून मला हे ठाऊक. एक आजी लहानपणी काड्यापेट्यांच्या कारखान्यात कामाला होत्या. तिथल्या मुलींनी काम बंद पाडलं तेव्हा त्या दारात एकट्या बसून राहिल्या होत्या. "अनवाणीच होते मी," त्या टेपवर म्हणतात. मग बराच वेळ नुसती खुर्चीची करकर. "नाही हो, थांबा. भावाचे बूट होते. मोठे व्हायचे, म्हणून पुढे चिंध्या कोंबलेल्या. मुकादम आला तशा बाकीच्या पळाल्या. मला पळता कुठे येतंय? मग बसले तिथेच. लोक म्हणाले, काय धीट पोरगी! कसली धीट, बूट निघत होते पायांतून." आणि त्या खो खो हसत सुटतात. मागून मावशीही हसताना ऐकू येते.

विद्यार्थी तिला तिच्या पाठीमागे 'चप्पलबाई' म्हणायचे. तिला ते माहीत होतं आणि आवडायचंही. पुढे मी दातांची डॉक्टर झाले तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं. लोकांना तोंड उघडायला लावणं हा आपल्या घरातला धंदाच झाला. फरक एवढाच, की तुझ्यासमोर उघडलं की त्यांना बोलता येत नाही."

एकाच बाईचं तोंड तिला कधी उघडता आलं नव्हतं. ती बाई म्हणजे माझी आई, तिची सख्खी थोरली बहीण.

दोघींमध्ये सात वर्षांचं अंतर. आजोबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि सगळे रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहायचे. लहानपणी आईच्या मागे कायम पाच-सहा पोरांची रांग असायची. ती चिंचेच्या झाडाकडे निघाली की रांग चिंचेकडे, ती टाकीवर चढली की रांग टाकीवर. त्यामुळे वसाहतीत तिचं नाव पडलं होतं 'इंजिन'. रांगेच्या शेवटी धापा टाकत धावणारी माझी मावशी. तिला सगळे 'गार्डाचा डबा' म्हणायचे. पुढे काय चाललंय ते डब्याला दिसायचं नाही, पण इंजिन पुढे आहे एवढं पुरे असायचं. रात्री दोघी एकाच खाटेवर झोपायच्या.

शाळा रुळांच्या पलीकडे होती. मधे फाटक. मालगाड्यांची जोडतोड चालू झाली की फाटक तासन्‌तास बंद, आणि शाळेची घंटा तर कोणासाठी थांबत नाही. मग मुलं डब्यांखालून वाकून पलीकडे जायची. मोठ्यांनी पादचारी पुलासाठी किती अर्ज केले त्याला गणती नव्हती. एके दिवशी तिसरीतला एक मुलगा डब्याखालून जात असताना डबा हलला. मुलगा जागीच गेला.

त्यानंतरच्या सोमवारी मुलं दप्तरं पाठीला लावून घरातून निघाली, ती शाळेत पोचलीच नाहीत. फाटकाशी रुळांवर बसली. सगळ्यांत पुढे चौदा वर्षांची माझी आई. पूल द्या, मग उठतो. एक दिवस झाला, दोन झाले. फाटकवाल्याने मुलांना घागरभर पाणी आणून दिलं आणि "मी नाही हं दिलं!" असं सगळ्या जगाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. एक साहेब आले. दरडावून म्हणाले, "तुमचा म्होरक्या कोण?" मुलं एका सुरात म्हणाली, "इंजिन!" साहेबांनी मागे वळून उभ्या असलेल्या इंजिनाकडे पाहिलं. ही गोष्ट वसाहतीत पुढे कित्येक वर्षं सांगितली जायची.

मावशीने ती सांगणाऱ्यांकडूनच ऐकली. कारण त्या आठवड्यात तिला गालगुंड झालं होतं. गालांभोवती फडकं बांधून ती खिडकीत बसलेली, आणि खिडकीतून दिसायची ती फक्त पाण्याची टाकी. फाटकाकडून घोषणा ऐकू यायच्या. त्यांत ताईचा आवाज वेगळा ओळखू यायचा. दिसायचं काहीच नाही. जन्मभर ज्या इंजिनाच्या मागे धावली, ते नेमकं तिच्याशिवाय निघून गेलं होतं.

चौथ्या दिवशी पूल मंजूर झाला. मुलं उठली. मग मोठ्यांचे हिशेब सुरू झाले. शाळेने कळवलं, मुलीचं नाव काढून घ्या. वर्कशॉपच्या साहेबांनी आजोबांना बोलावून धारेवर धरलं. आजोबांनी आईला आपल्या बहिणीकडे, दुसऱ्या गावी पाठवायचं ठरवलं. दोन महिन्यांपुरतं. वातावरण निवळलं की परत आणू. मावशीचे गाल अजून उतरले नव्हते, म्हणून तिला स्टेशनवरही नेलं नाही.

"ताई कधी येणार?" ती दर रविवारी विचारायची.

"येईल," आजोबा म्हणायचे.

दोन महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची वर्षं झाली, शाळा संपली, मग नर्सिंगचं शिक्षण, मग तिथेच लग्न. मधूनमधून आई यायची, पण पाहुण्यासारखी. हळू आवाजात बोलायची, धाकटीच्या केसांवरून हात फिरवायची आणि दोन दिवसांत परत. रस्त्यात कुणी "काय इंजिन!" म्हणून हाक मारली तर मान वळवायची नाही. मावशी नव्या पुलावरून रोज शाळेत जायची आणि मधोमध थांबून गाड्या बघायची. कुठल्या गाडीने ताई येईल ते तिला पाठ होतं.

ताईला आपल्यापासून तोडलं, हे तिच्या मनाने पक्कं धरलं. शाळेने तोडलं, साहेबांनी तोडलं आणि सगळ्यांत जास्त बाबांनी. आजोबांशी ती शेवटपर्यंत कामापुरतं बोलली. औषधं आणून देई, डॉक्टरकडे नेई, पण जवळ बसून चार गप्पा मारल्यात असं नाही. आजोबा गेले तेव्हा ती रडली नाही. मी तेव्हा लहान होते, पण तिचा तो कोरडा चेहरा माझ्या लक्षात राहिला.

ती याच विषयाकडे का वळली, हे मग वेगळं सांगायला नको. पण वाट सोपी नव्हती. पीएच.डी.च्या मार्गदर्शकांनी विषय ऐकून चष्मा काढला आणि म्हणाले, "मुलांचा कसला आलाय इतिहास? मुलं मोठी होतात, मग त्यांचा इतिहास होतो." मावशी म्हणाली, "सर, मोठी झाल्यावर ती खोटं बोलायला लागतात." सरांना हसू आलं आणि विषय मंजूर झाला. तिने अभिलेखागारातल्या धुळीने नाक चोंदेपर्यंत पोलिसांचे अहवाल चाळले. त्यांत मुलांना नावं नसायची. 'काही अल्पवयीन मुले', 'टारगट पोरांचा जमाव', एवढंच. म्हणून तिने शाळांची जुनी हजेरीपुस्तकं धरली. ज्या दिवशी अर्धा वर्ग गैरहजर, त्या दिवशी कुठेतरी काहीतरी घडलेलं असायचं. त्या गैरहजर मुलांची नावं घेऊन ती गल्ल्यांमधून फिरायची, दारं वाजवायची. "लहानपणी तुम्ही पेपर टाकायचात का हो?" असं अनोळखी म्हाताऱ्याला विचारणारी बाई म्हणून तिला दोन-तीनदा विमा एजंट समजून हाकलूनही दिलं होतं.

तिची पुस्तकं आली. बाहेरदेशी व्याख्यानं झाली. पुढे ती विभागप्रमुख झाली. पेपर टाकणाऱ्या मुलांच्या संपावर, काड्यापेटीच्या मुलींवर, वसतिगृहातल्या उपोषणावर तिने लिहिलं. फाटकावर मात्र एक ओळ नाही. सहकारी विचारायचे, "तुमच्या स्वतःच्या वसाहतीतली घटना, आणि तीच नाही?" ती म्हणायची, "मुख्य साक्षीदार बोलत नाही."

तिने आईला विचारलं नव्हतं असं नाही. आमच्या घरी आली की चहाच्या वेळी ती हळूच विषय काढायची, आणि आई उठून गॅसवरचं काहीतरी बघायला जायची. कधी गॅसवर काही नसायचं, तरी जायची. एकदा मावशी मला म्हणाली, "मी माणसांची लहानपणं गोळा करत हिंडते, आणि मला हवं आहे ते एकच."

ती निवृत्तीला आली असताना एका रविवारच्या पुरवणीत एक लेख छापून आला. एका तरुण संशोधकाने रेल्वेच्या चौकशीची जुनी कागदपत्रं मिळवून फाटकावरच्या आंदोलनावर लिहिलं होतं. लेख मन लावून लिहिलेला होता, पण त्यात एक वाक्य होतं. वर्कशॉपमधल्या एका फिटरने आपल्या मुलीला पढवून पुढे केलं आणि मुलांच्या आडून कामगारांचा डाव साधला, अशा अर्थाचं. साहेबांनी तेव्हा तसंच लिहून ठेवलं होतं. त्याने ते खरं धरलं, एवढंच.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून मी तिला पेपर वाचून दाखवत होते. त्या वाक्याशी ती म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं. तिच्या हातात दुधी होता, तो तिने सोलायचा सोडून ताटात ठेवला.

"बाबांनी पढवलं? बाबांनी? त्यांना तर..." तिचा आवाज चढला. इतका चढलेला आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "छोटीला फोन लाव. म्हणावं, काढ तुझं ते मशीन."

पुढच्याच आठवड्यात मी आईला मावशीच्या फ्लॅटवर घेऊन गेले. अभ्यासाची खोली लोखंडी रॅक आणि टेपच्या खोक्यांनी भरलेली. रहदारीचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्या बंद, पंख्याची घरघर रेकॉर्ड होते म्हणून पंखाही बंद. आम्ही तिघी घामाने निथळत बसलो. मावशीने छोटा रेकॉर्डर टेबलावर ठेवला, बटण दाबलं, तारीख सांगितली, आईचं नाव सांगितलं. मग तिने रेकॉर्डर सरळ केला, पुन्हा सरळ केला. आयुष्य ज्या प्रश्नावर काढलं तोच तिला विचारता येईना. आई वाट बघत बसली. शेवटी मीच विचारलं, "आई, त्या दिवशी तुझ्या पायांत काय होतं?"

"शाळेचे कॅनव्हासचे बूट," आई लगेच म्हणाली. "एकाची नाडी तुटलेली."

मग ती बोलत राहिली. रूळ उन्हाने कसे तापायचे, दप्तरं खाली घालून मुलं कशी बसायची, कुणी आधी रडायला सुरुवात केली, कोण मधेच शू करायला पळालं. "बाबांना काहीच माहीत नव्हतं. वर्कशॉपला जाताना त्यांनी मला रुळांवर बघितलं. हातातला डबा खाली ठेवला आणि नुसते उभे राहिले. मला वाटलं, आता फरफटत नेणार. पण त्यांनी डबा उचलून माझ्यासमोर ठेवला आणि उपाशी कामावर गेले. एवढाच त्यांचा डाव."

मावशी खाली मान घालून ऐकत होती.

"आणि वर्षाने मला न्यायला आले ते," आई म्हणाली.

मावशीने मान वर केली. "कोण न्यायला आलं?"

"बाबा. आत्याकडे. म्हणाले, शाळेशी बोलणं झालंय, तुला परत घेतायत. चल घरी. मी नाही म्हणाले."

"तू नाही म्हणालीस?"

"हो."

"का पण, ताई?"

आईने पदराने मानेवरचा घाम पुसला. "आम्ही उठल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही. तू अंथरुणात होतीस. नळाला पाणी आलं नाही की बायका माझ्याकडे यायच्या. दिवा लागला नाही, माझ्याकडे. आई मला जेवताना सरकून जागा द्यायला लागली. बाबा जपून बोलायचे, परक्या माणसाशी बोलावं तसे. आणि त्या मुलाची आई रोज येऊन बसायची. बोलायची नाही काही. माझ्याकडे बघत राहायची, जसा काही मी पूल आणला तसा तिचा मुलगाही आणून देणार होते. मी चौदा वर्षांची होते गं. आत्याकडे मला कुणी ओळखत नव्हतं. आत्या ओरडायची, केर नीट काढ, कोपरे राहिले. ते ओरडणं इतकं बरं वाटायचं मला."

मग मावशी लहान आवाजात म्हणाली, "आणि मी?"

आईने तिच्याकडे पाहिलं. "खोटं कशाला बोलू? तुझी आठवण यायची. पण परत जायचं कारण म्हणून तू मनात आली नाहीस."

"बाबांनी मला कधी सांगितलं नाही."

"मीच म्हटलं होतं, छोटीला सांगू नका. तिला वाटेल, ताईला आपण नको आहोत. त्यांनी शब्द दिला."

मावशी उठली आणि स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ चालू राहिला. आई मला म्हणाली, "जा बघ." मी उठणार तोच मावशी परत आली. चेहरा धुतलेला, पुढचे केस ओले. ती खुर्चीत बसली, रेकॉर्डर चालू आहे ना ते तपासलं आणि विचारलं, "त्या मुलाच्या आईबद्दल सांग. कुठे बसायची ती?"

त्या मुलाखतीचं टिपण तिने त्या तरुण संशोधकाला पाठवलं. भला माणूस होता तो. त्याने दुरुस्ती छापली आणि आईला भेटायलाही आला. आईने त्याला दोनदा चहा पाजला आणि मग दटावलं, कागद वाचताना जरा डोकं वापरत जा म्हणून. तो निमूट 'हो' म्हणाला.

मावशीच्या मनात मात्र त्या दुपारनंतर काहीतरी हललं. आपल्या सगळ्या टेप एकाच ठिकाणी संपतात, हे तिला उमगलं होतं. संप मिटला, मागणी मान्य झाली किंवा फेटाळली, की ती "आभारी आहे" म्हणून मशीन बंद करायची. त्यानंतर त्या मुलांचं काय झालं, हे तिने विचारलंच नव्हतं. निवृत्त झाल्यावर तिने एकेकाला परत फोन लावायला सुरुवात केली. पुष्कळ नंबर बंद. पुष्कळ माणसं गेलेली. काड्यापेटीच्या आजींच्या मुलीने सांगितलं, "आई मागच्या वर्षीच गेली. तुमचं नाव काढायची." फोन ठेवल्यावर मावशीने त्यांची टेप काढून पुन्हा लावली. पेपर टाकणाऱ्या मुलांच्या संपातले एक आजोबा सापडले. ते म्हणाले, "पुढे? पुढचं आजवर कुणी विचारलंच नाही हो." आणि मग त्यांनी तिला संध्याकाळपर्यंत सोडलं नाही.

त्यातून तिचं शेवटचं पुस्तक झालं. तिला हवं होतं त्याहून बारीक. काही सहकारी नाराज झाले. बाईंनी मुलांच्या लढ्यावर पाणी ओतलं, असं कुणीतरी भर सभेत म्हणालं. मावशी उभी राहिली. "पूल झालाच की," ती म्हणाली. "मी रोज त्याच्यावरून शाळेत गेले. पण तो मागणारी मुलगी कुठे गेली, हे लिहायला नको?" बाकी ती वाद घालत बसली नाही. आजोबांचा विषय ती माझ्याकडे एकदाच काढायला गेली. "बाबांना निदान..." एवढं म्हणाली आणि टेपची खोकी लावायला लागली.

दोघी बहिणींचं आता जमतं का? जमतं. आई तिच्याकडे आठ-आठ दिवस राहायला जाते. दोघी टीव्हीवरच्या मालिकेतल्या सुनांना नावं ठेवतात, भाजीत मीठ कुणी जास्त घातलं यावरून भांडतात. पण कधीकधी बोलता बोलता मावशी आईच्या चेहऱ्याकडे रोखून बघत राहते, जसं कुणी गर्दीत ओळखीचं माणूस शोधावं. आईच्या ते लक्षात येतं. जे मावशीला हवं आहे ते आपल्याजवळ उरलेलं नाही, हे तिला कळत असावं.

मागच्या महिन्यात दोघींना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. परतताना दुपारची वेळ, रस्ता तुंबलेला. आई मागच्या सीटवर झोपून गेली, मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं. माझ्या शेजारी बसलेली मावशी मागे वळली आणि तशीच बघत राहिली.

"झोपेत अगदी तशीच दिसते," ती म्हणाली.

"कशी?"

"खाटेवर माझ्या शेजारी दिसायची तशी."

सिग्नल सुटला. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवायला सुरुवात केली. मावशीने माझ्या हातावर हात ठेवला.

"हळू घे," ती म्हणाली. "उठेल ती."